बोर्डिंगं वेगवेगळी का काढली, मॅडम?

कोल्हापुरातल्या नववीच्या मुलाला भेदभावावर चार ओळी लिहायला सांगा, तो दहा लिहून देईल. 'राजर्षी शाहू महाराजांच्या पावन भूमीत आपण राहतो' ही पहिली ओळ ठरलेली. मग आरक्षण, मग सक्तीचं मोफत शिक्षण, मग गंगाराम कांबळेंचं हॉटेल आणि शेवटी 'आपणही जातिभेद पाळू नये'. २६ जूनला, म्हणजे सामाजिक न्याय दिनाच्या आसपास, अशा वह्यांचे गठ्ठे माझ्या टेबलावर येऊन पडतात. चुकीचं त्यात काहीच नसतं. लाल पेन कुठं टेकवावं हेच कळत नाही. आणि हाच मुलगा मधल्या सुट्टीत वर्गात नव्यानं आलेल्याला विचारतो, "आडनाव काय रे तुझं?" आडनावावरून नाही लागला पत्ता तर गाव. गावावरून नाही लागला तर गल्ली.

याला मी ढोंग म्हणत नाही. निबंध त्याला शाळेनं दिला, आडनावाचा प्रश्न घरानं दिला. दोन्ही त्यानं इमानेइतबारे उचलले. यातलं काय बरोबर, काय चूक आणि का, हे स्वतः ठरवायची वेळ त्याच्यावर कुणी आणलेलीच नाही. पाठ उत्तर इतकं चोख असतं की पुढं विचारायला जागाच उरत नाही. पुरोगामी शहरात राहण्याची ही एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. भेदभाव चूक आहे हे इथल्या मुलांना पटवावं लागत नाही. समोर दिसतंय ते भेदभाव आहे की नाही, हे ओळखताना मात्र त्यांची गाडी अडते.

मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. क्षेत्रभेट म्हणून मुलांना दसरा चौकात घेऊन जायचं आमच्याकडं चालत आलंय. शाहूंचा पुतळा, शाहू स्मारक, मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग. सकाळी गेलं तर रिक्षांची गर्दी कमी असते. मुलं पुतळ्यासमोर फोटो काढतात, मी माहिती सांगते, मुलं लिहून घेतात. बहुतेक वर्षी एवढंच होतं. एकदा मात्र एका मुलानं, ज्याचं लक्ष एरवी कायम खिडकीबाहेर असतं, मला मध्येच थांबवलं.

"मॅडम, बोर्डिंगं जातीजातीची का काढली? एकच मोठं काढायचं की. हे बी जातिभेदच झाला."

बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. शाहू महाराजांबद्दल असलं बोलतोय म्हणून एकीनं तर डोळे मोठे केले. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. त्या चौकात उभं राहून विचारता येण्यासारखा याच्याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही.

कारण वरवर बघितलं तर पोरगा बरोबर आहे. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम, १९०७ साली लिंगायत, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढंही यादी वाढत गेली. जात मोडायला निघालेला राजा जातवार वसतिगृहं काढतो, जागा देतो, पैसा देतो, हे चौदा वर्षांच्या डोक्याला खटकायलाच पाहिजे. खटकलं नाही तर ते डोकं फक्त लिहून घेतंय.

या वयातली मुलं न्यायाबद्दल भलती जागरूक असतात. याला दोन मिनिटं जास्त का, तिला पुढं का बसवलं, ह्याला शिक्षा आणि त्याला नाही, असं का? पण त्यांचा न्याय एका ओळीचा असतो. सगळ्यांना सारखं. सारखं म्हणजे बरोबर आणि वेगळं म्हणजे भेदभाव. प्राथमिक शाळेत हे चालून जातं. पुढं मात्र या एका ओळीवर उभं राहून जग बघितलं की भलतेच निष्कर्ष निघतात. आरक्षण अन्याय ठरतं आणि 'आम्ही कुठं जात मानतो' म्हणणारा माणूस समतावादी ठरतो.

त्या दिवशी शाळेत परतल्यावर पुढचा तास त्या प्रश्नालाच दिला. आधी जे घडलं ते सांगितलं. शाहूंनी सुरुवातीला सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं होतं. दार सगळ्यांना उघडं होतं. पण ज्यांच्या घरात आधीपासून शिक्षण होतं त्यांचीच मुलं तिथं टिकली, बाकीच्यांना ते दार ओलांडताच आलं नाही. मग मुलांना विचारलं, आता तुम्ही राजे, काय कराल? एक म्हणाला, दार उघडं ठेवून सक्ती करू. दुसरा म्हणाला, सक्ती केली तर आत गेल्यावर वेगळं ताट वाढतील. तिसरीनं विचारलं, "पण पोरं शाळेला एकत्रच जात होती ना?"

मी हा मुद्दा सांगायच्या आधी तो तिच्याकडून आला याचा मला कोण आनंद. कारण शाळांच्या बाबतीत शाहूंनी नेमकं उलट केलं. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा होत्या, त्या १९१९ साली बंद करून मुलांना सरकारी शाळांत एकत्र बसवायचा हुकूम काढला. राजा तोच आणि काळही तोच. राहायला वेगळं आणि शिकायला एकत्र. एकाच माणसानं दोन ठिकाणी दोन उलट निर्णय का घेतले असतील?

वर्ग तासभर भांडला. फळ्यावर मी फक्त त्यांचेच प्रश्न लिहीत गेले. वेगळं कुणी केलं? ज्याला वेगळं ठेवलं त्यानं मागितलं होतं का? त्यातून त्याला मिळालं काय आणि गेलं काय? त्याला उद्या बाहेर पडायचं झालं तर पडता येतं का? अस्पृश्यांची वेगळी शाळा इतरांनी आपल्याला विटाळ नको म्हणून ठेवली होती. बोर्डिंग खेड्यातल्या मुलाला शहरात डोकं टेकवायला जागा मिळावी म्हणून होतं. दोन्हींवर 'वेगळं' असाच शिक्का. वर्गातल्या निम्म्या मुलांना हे पटलं, निम्म्यांना नाही. प्रश्न विचारणारा तर अजिबात बधला नाही. "तवा ठीक हुतं मॅडम, पण आता कशाला पायजे?" असं म्हणून तो बसला.

खरं सांगायचं तर त्याचा हा दुसरा प्रश्न मलाही पडतो. दहावीचा निकाल लागला की आमच्या गावात प्रत्येक समाजाचे गुणवंत सत्कार सुरू होतात. ट्रॉफी, शाल, मान्यवरांची भाषणं. माझ्या एका विद्यार्थिनीचे आई-वडील वेगवेगळ्या जातींचे. नव्वदच्या वर टक्के होते. तिला मी सहज विचारलं, तुझा सत्कार कुठं झाला? "दोन्हीकडनं नाही बोलावलं," म्हणाली आणि हसली. आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता देणारं संस्थान होतं हे. असो.

आमच्या परिपाठात मूल्यशिक्षण आहे. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या भिंतीवर ही दहा मूल्यं रंगवलेली सापडतील. वक्तशीरपणा आहे, नखं कापलीत का हेही नीटनेटकेपणात येतं. न्याय नाही. संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य, समता, बंधुता या तिघांच्याही आधी न्याय येतो, सामाजिक, आर्थिक आणि राजनैतिक. तीच उद्देशिका आमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली असते. भिंतीवरच्या दहांत मात्र न्यायाला जागा मिळाली नाही.

याचा परिणाम मुलांच्या बोलण्यात दिसतो. अन्यायाची गोष्ट सांगितली की त्यांना वाईट वाटतं, मनापासून वाटतं. 'बिचारा' म्हणतात. संवेदनशीलता शिकवली आहे ना आपण! पण वाईट वाटून झालं की प्रकरण मिटलं. कुणाचं काय हिरावलं गेलं, कुणी हिरावलं, परत कसं मिळायचं, हे 'बिचारा'च्या पुढचं आहे आणि तिथवर ती जात नाहीत.

गंगाराम कांबळेंचीच गोष्ट घ्या. आमच्याकडच्या प्रत्येक पोराला ती माहीत आहे. दरबारातल्या चाकरीत असताना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहूंनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल निघालं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? मग महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि गाडीत बसलेल्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. मुलं ही गोष्ट 'महाराज किती थोर' म्हणून सांगतात. ते थोर होतेच. पण गोष्ट तिथंच थांबवली की गंगाराम नुसते मदत घेणारे होऊन बसतात. जातीच्या नाकावर टिच्चून रस्त्यावर हॉटेल उघडायला काय काळीज लागलं असेल, यावर कुणी लिहीत नाही.

मी वर्गाला विचारलं, तुम्ही त्या गाडीत असता तर चहा प्याला असता का? सगळे हात वर. हे अपेक्षितच होतं. मग विचारलं, तुमच्या घरी भांडी घासायला मावशी येतात, त्यांना चहा कशातून देतात?

काही हात खाली आले, काही अर्ध्यावर राहिले. एका मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं, स्टीलचा एक कप आहे, खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा असतोय, त्या स्वतः धुऊन ठेवतात. तिच्या शेजारणीनं सांगितलं, आमच्यात काचेचा ग्लास आहे, कडेला टवका गेलेला. मग एका मुलानं बाजू मांडली. "मॅडम, ते जातीचं नसतंय, स्वच्छतेचं असतंय. चार घरची कामं करून येतात, इन्फेक्शन हुतंय."

हे कारण मला उडवून लावायचं नव्हतं. मुलानं कारण दिलंय तर ते तपासायचं, त्याला लाज वाटायला लावायची नाही, एवढं पथ्य मी पाळते. म्हणून म्हटलं, ठीक आहे, स्वच्छतेचा नियम आहे असं धरू, मग तो आणखी कुणाकुणाला लागतो? वर्ग कामाला लागला. मामाला सर्दी असताना कुठला कप देतात? पाहुण्यांच्याच. वडील दवाखान्यात कंपाउंडर आहेत, दिवसभर पेशंटमध्ये असतात, त्यांचा कप वेगळा? नाही. मावशीच ती भांडी घासतात ना, मग त्यांच्या हातानं घासलेल्या कपातून आपण पितो ते चालतं? इथं हशा पिकला. ज्या मुलानं स्वच्छतेचं कारण काढलं होतं तोच शेवटी म्हणाला, "म्हणजे नियम एकालाच लागतोय." त्याच्या तोंडून आलेलं हे वाक्य माझ्या दहा व्याख्यानांना भारी होतं.

दुसऱ्या दिवशी एका पालकांचा फोन आला. पोरगी घरी येऊन कप फेकून द्यायला निघाली होती म्हणे. "मॅडम, तुम्ही सिलॅबस घ्या की. घरातलं कशाला काढताय?" मी त्यांना संविधानाचा १५ वा अनुच्छेद सिलॅबसमध्ये आहे एवढं सांगितलं. त्यात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी जागांची यादी आहे. मुलं ती यादी बघून हटकून विचारतात, विहिरी कशाला लिहिल्या? त्याचं उत्तर द्यायचं तर १९२७ च्या महाडच्या तळ्यापर्यंत जावं लागतं आणि कोल्हापुरातल्या हौदापर्यंतही. घरातला कप त्या यादीत नाही, हे त्या पालकांचं म्हणणं खरं आहे. कायदा स्वयंपाकघरात येत नाही. पण मूल तर तिथंच वाढतं.

बी.एड.ला आम्ही मानसशास्त्रज्ञ कोहलबर्गचं नैतिक विकासाचं प्रतिमान पाठ केलं होतं. त्यात तो प्रसिद्ध हाइन्झ येतो. बायको मरणाला टेकलेली, औषधवाल्यानं भाव अवाच्या सवा लावलेला, पैसे जमत नाहीत, मग औषध चोरावं की नाही? मुलं काय उत्तर देतात यापेक्षा कारण काय देतात ते बघायचं, अशी त्यातली कल्पना, आणि ती मला आजही पटते. म्हणून मी हा पेच एकदा वर्गात टाकला. पहिला प्रतिसाद आला, "सीपीआरला नाही का मिळत फुकट?" सीपीआर म्हणजे आमचा सरकारी दवाखाना. पुस्तकाच्या हिशेबात हे उत्तर पेच चुकवणारं आहे. मला ते फार आवडलं. हाइन्झनं प्रामाणिक राहावं की नाही यावर सगळे खल करतात आणि त्याच्यावर ही पाळी का आली ते कुणी विचारत नाही. आमच्या पोरानं ते विचारलं. सरकारी दवाखाना असलेल्या गावात वाढल्याचा हा फायदा.

या विषयाचं आणखी एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, आयोवातल्या रायसव्हिल गावात जेन इलियट या शिक्षिकेनं तिसरीच्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून वाटणी केली. एका रंगाचे डोळे असलेली मुलं श्रेष्ठ, दुसरी कनिष्ठ, मग अदलाबदल. मुलं बघता बघता तशी वागायलाही लागली. आमच्याकडच्या प्रशिक्षणांतही कुणी ना कुणी ही गोष्ट सांगतंच आणि टाळ्या पडतात. मी मात्र हे माझ्या वर्गात कधीच करणार नाही. तिथला सगळा वर्ग गोरा होता. भेदभाव म्हणजे काय हे त्यांना एरवी कळायला मार्ग नव्हता, असं म्हणता येईल. माझ्या वर्गात ज्याला ते रोज कळतं तो मुलगा तिसऱ्या बाकावर बसलेला असतो. त्याला त्याची चव पुन्हा द्यायची गरज नाही. आणि दुसऱ्यांना शिकवण्यासाठी 'तुला काय अनुभव आला ते सांग' म्हणून त्याला उभं करायचं, हा तर वेगळाच अत्याचार झाला. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. नसेल तर गंगाराम कांबळे आहेत, महाड आहे, कागद आहेत. इतिहास शिकवण्याचा मोठा उपयोग हाच की जखम कुणा शेजाऱ्याची न दाखवता तिच्याबद्दल बोलता येतं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडबद्दल बोलताना ही काळजी जास्तच घ्यावी लागते. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही हे करायला सांगितलं. बातमी आपल्याच जिल्ह्याची, त्यामुळं मुलांना गाव माहीत होतं. पण वर्गात वडील गेलेली मुलं असतात. म्हणून 'तुमच्या घरी काय झालं' हा प्रश्नच नाही. फक्त ठराव घ्यायचा आणि त्यावर बोलायचं. एक मुलगी म्हणाली, "पण हे सगळं बायकाच करत्यात मॅडम. पुरुष तिथं नसत्यातच." मुलांना एकदम बळ आलं. बघा, बायकाच बायकांच्या शत्रू! मग मीच विचारलं, बायको गेल्यावर पुरुषाचं काय काढून घेतात? थोडा वेळ शोधाशोध झाली. काहीच सापडलं नाही. करणारा हात कुणाचा आणि नियम कुणाच्या सोयीचा, हे दोन निराळे प्रश्न आहेत हे तेव्हा त्यांना दिसलं. आपल्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८६३, हा आकडा मी त्याच दिवशी फळ्यावर लिहिला. त्यावर काही बोलले नाही.

सगळ्यांत अवघड तास आरक्षणाचा. दहावीचे वर्ग, अकरावीच्या याद्यांची चर्चा घरात सुरू झालेली. "त्याला कमी मार्कांत मिळतंय" हे वाक्य येतंच. तेव्हा मी मतं बाजूला ठेवायला लावते आणि २६ जुलै १९०२ चा मूळ हुकूम वाचायला देते. महाराज तेव्हा इंग्लंडमध्ये होते. हुकूम छोटा आहे. पन्नास टक्के हे सगळ्यांना माहीत असतं, त्याचं कारण मात्र कुणालाच नसतं. हुकूम म्हणतो, मागासलेल्या वर्गांत शिक्षण पसरवायचे प्रयत्न हवे तितके फळाला आले नाहीत, कारण उच्च शिक्षणातून जे मिळतं ते फार थोड्या लोकांत वाटलं जातं. म्हणजे शिकून आपल्यातल्या कुणाला काही मिळतंय हे दिसल्याशिवाय कोण पोराला शाळेत घालेल? दया, माया, उपकार यातलं काही त्यात नाही. रोखठोक कारण आहे. आणि शेवटी खातेप्रमुखांना दर तिमाहीला किती जागा कशा भरल्या याचा अहवाल पाठवायचा आदेश आहे. मुलांना हे भारी वाटतं. "म्हणजे चेक करायची सोय पण केली हुती!"

मग १८९४ चे आकडे. शाहूंनी कारभार हाती घेतला तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. हे सांगताना माझं लक्ष वर्गातल्या एखाद्या ब्राह्मण मुलाकडे असतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नोकऱ्यांचा हिशेब त्याच्या अंगावर पडू नये. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला त्या वादात, महाराजांची बाजू घेणारे राजारामशास्त्री भागवतही ब्राह्मणच होते, हे मी मुद्दाम सांगते. व्यवस्थेवर बोट ठेवायचं आणि शेजारच्या बाकावर ठेवायचं नाही, हे मुलांना सांगून येत नाही, करून दाखवावं लागतं.

खरी गंमत पुढं असते. १९०२ च्या व्याख्येत ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वगळून सगळे मागास होते, म्हणजे मराठेही. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं मराठा. मोर्चाला जाऊन आलेली, घरच्या गाडीवर स्टिकर असलेली. त्यांच्यातलाच एक तावातावानं म्हणतो, आरक्षणच नको, मेरिटवर होऊ द्या. पाच मिनिटांनी तोच म्हणतो, आम्हाला पण मिळालं पाहिजे, शेती परवडत नाही, फी भरवत नाही. दोन्ही वाक्यं त्याची, दोन्ही कळकळीची. मी काही बोलत नाही, दोन्ही फळ्यावर लिहिते. शेतीवाल्याच्या पोराला फी परवडत नाही हे कारण चालतं, तर मग ज्याच्या आजोबाला शेतीच मिळाली नाही त्याचं? आणि ज्याच्याकडं पैसा आला पण भाड्यानं घर द्यायला कुणी तयार नाही त्याचं? तिथून पुढं वर्ग स्वतः चालतो. एकमत कधीच होत नाही, मला नकोही आहे. माझं स्वतःचं मत त्यांना कळलेलं असतं, मी ते लपवत नाही. आपलं मत झाकून तटस्थ असल्याचं नाटक मुलं लगेच ओळखतात. फक्त माझ्या मताशी जुळलं म्हणून मार्क जास्त पडत नाहीत, हेही त्यांना आता माहीत आहे.

जून २०२३ मध्ये व्हॉट्सॲप स्टेटसवरून शहरात हिंदू-मुस्लिम तणाव होऊन जी तोडफोड झाली, त्यानंतर आठवड्याभरात शाळा उघडल्या. इंटरनेट बंद होऊन चालू झालेलं, दुकानांच्या फुटलेल्या काचा बदललेल्या. मुलं वर्गात येऊन बसली ती दोन गटांत. सहकारी म्हणाले, त्या विषयाला हात लावू नका. मी एकच प्रश्न टाकला. स्टेटस एकानं ठेवलं, काच दुसऱ्याची फुटली, या दुसऱ्याचा गुन्हा काय? "तो त्यांच्यातला," असं उत्तर आलं. बरं, मग आपल्या वर्गातल्या एकानं बाक मोडला तर सगळ्या वर्गाकडून दंड घेऊ का? यावर सगळा वर्ग एका सुरात ओरडला. त्या दिवशी तेवढंच. काही विषय एका तासात उरकायचे नसतात.

आता मुलंच माझ्यावर हे सगळं वापरायला लागलीत. गेल्या स्नेहसंमेलनाच्या आधी नववीच्या काही जणांनी अर्ज आणून दिला. पाहुण्यांच्या स्वागताला दरवर्षी मुलीच का? साडी नेसून, तबक घेऊन, उन्हात तासभर त्यांनीच का उभं राहायचं? आणि बाकडी उचलायला, मांडव बांधायला मुलगेच का? वेगळं कुणी केलं, आम्ही मागितलं होतं का, बाहेर पडता येतं का, असे तेच ते प्रश्न कागदावर ओळीनं लिहिलेले. वरिष्ठ म्हणाले, बघू. मग वर्गातच फूट पडली, कारण एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मला आवडतंय ते काम. साडी नेसायला मिळती. मी का सोडू?" तिला कुणी मागासलेली म्हटलं, तिनं त्याला चांगलंच सुनावलं. बराच खल होऊन ठरलं की ज्याला जे हवं त्यानं त्या कामाला नाव द्यायचं आणि नावं जास्त झाली तर चिठ्ठ्या टाकायच्या.

स्वागताला त्या मुलीसकट तिघी आणि दोन मुलगे उभे होते. त्यातल्या एकाला औक्षण कुठल्या बाजूनं करायचं ते माहीत नव्हतं, तिनंच त्याला कोपऱ्यात नेऊन दाखवलं. मांडवाच्या कामाला चार मुलींनी नावं दिली होती, दोघी आल्या. उरलेल्या दोघी का आल्या नाहीत, यावर सोमवारचा तास गेला.